घाटात दिलेली वाट

भरलेली गाडी कन्नड घाटात चढावर उभी होती. तोंड आभाळाकडे, मागचा फाळका दरीकडे. इंजिनात बिघाड नव्हता, टायर फुटला नव्हता, डिझेलही संपलं नव्हतं. ती मी थांबवली होती, अगदी राजीखुशीनं. माझ्या शेजारी गाडीचे मालक पाटील बसले होते. त्यांच्या पलीकडे, दाराला टेकून, मला गाडी शिकवणारे करीमचाचा. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले होते.

"का रं थांबला?" पाटलांनी विचारलं.

"वरून गाडी येतीय, मालक. तिला येऊ द्यावं म्हणलं."

करीमचाचांनी कपाळावर हात मारून घेतला. पाटलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "करीमभाई," ते म्हणाले, "ह्यालाच गाडी द्या म्हणत व्हता ना तुम्ही?"

यात एवढं कपाळ बडवून घेण्यासारखं काय, हे भरली गाडी घाटात न चढवलेल्या माणसाला कळायचं नाही. म्हणून थोडं मागून सांगतो.

मी धनगराचा. आमचं गाव कन्नड तालुक्यात. कळायला लागल्यापासून मेंढरांमागे चाललो. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघायचं, मिरगाच्या तोंडावर घरी यायचं. लग्न झालं तरी तेच. पण मुलगी शाळेच्या वयाची झाली आणि माझी बायको गिरजा अडून बसली.

"आवं, बिऱ्हाड घोड्यावर लादलं. आता शाळा बी लादायची का?"

मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि आम्ही औरंगाबादला आलो. पडेगावात एक खोली मिळाली, मुलीचं नाव शाळेत घातलं. त्याच बाजूला पाटलांची शेती होती. शेतीच्या जोडीला त्यांनी एक ट्रक घेतला होता. त्यावर ड्रायव्हर करीमचाचा, मूळचे सिल्लोडचे. त्यांचा क्लीनर काम सोडून गेला होता. मी जाऊन उभा राहिलो.

करीमचाचांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. क्लीनर म्हटलं की नुकतं मिसरूड फुटलेला गडी लागतो. मी लेकराचा बाप, डोक्याला मुंडासं.

"क्या करता था?"

"मेंढरं राखत व्हतो."

"चलना आता?"

"जी. दिवसभर."

"यहाँ चलना नहीं, बैठना पडता. बैठना आता?"

मी म्हणालो, शिकतो. आणि खरं सांगतो, पहिल्या महिन्यात मला बसण्यानंच जास्त दमवलं.

क्लीनर या शब्दानं लोकांची फसगत होते. वाटतं, काच पुसणारा माणूस. काच पुसावी लागतेच, पण क्लीनर म्हणजे खरा तर शिकाऊ ड्रायव्हर. आमच्या वेळी ट्रक शिकायला वर्ग नव्हता की पुस्तक नव्हतं. डाव्या सीटवर बसायचं आणि उजव्या सीटवरच्या माणसाकडे बघायचं. तो उस्ताद. त्याच्या मनात येईल तेव्हा स्टेअरिंग आपल्या हातात येतं. तोवर रेडिएटरचं पाणी, टायर, दोर आणि ताडपत्री.

"उस्ताद, मी काय बघू?" मी पहिल्याच खेपेला विचारलं.

"बघत राय."

"पण काय?"

"वोच समझा तो मेरेकू बता."

मला असा राग यायचा! माझा बाप कमी बोलायचा, पण त्यानं निदान हातात काठी तरी दिली होती. इथे तेही नाही. शेवटी मी उस्तादांचे पाय बघायला लागलो. हात सगळेच बघतात. गिअर हातानं पडतो असं वाटतं, पण तो पडतो पायानं. जुन्या गाड्यांना डबल क्लच मारावा लागायचा. म्हणजे क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा गिअर टाकायचा. यात घाई झाली की गिअरबॉक्स असा ओरडतो की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा वळून बघतात. मी डावीकडे बसल्या बसल्या पायाखालची फळी दाबायचो. त्यांनी क्लच दाबला की मी फळी दाबायची. पुढे पुढे माझा पाय त्यांच्या आधी पडायला लागला. एकदा त्यांच्या ते लक्षात आलं.

"पाय हलतो का रे तुझा?"

"चुकून हलला, उस्ताद."

"हलू दे. चुकून नक्को, ठरवून हलव."

शिकवणं म्हणून त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं तोवर. मी त्या दिवशी घरी गेल्यावर गिरजाला दोनदा ऐकवलं.

टायरचं काम मला लवकर जमलं. ट्रकच्या मागच्या धुरीला, म्हणजे आसाला, प्रत्येक बाजूला जोड टायर असतात. आतलं टायर बसलं तरी बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरच्यानं वजन पेललेलं असतं. म्हणून गाडी थांबली की क्लीनरनं टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन फेरी मारायची आणि प्रत्येक टायर ठोकायचं. भरलेलं टायर टणक वाजतं, बसलेलं थापटल्यासारखं. हे कानाचं काम. कळपातलं कुठलं मेंढरू लंगडतंय ते मला पाठमोरा असताना घंटीवरून कळायचं, तिथे टायरची काय कथा! उस्ताद खूश झाले. म्हणाले, "कान अच्छे है तेरे. डोळे अजून मेंढरांतच हायेत."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. घाटात कळला.

मग स्टेअरिंग हातात आलं. आधी रिकामी गाडी, शेतापासून पंपापर्यंत. मग दौलताबाद रस्त्याला. मी आपला सवयीनं विचारायचो, "उस्ताद, आज मी हाकू का?" त्यांना हा शब्द अजिबात चालायचा नाही. "हाकायला म्हैस है क्या? गाडीवर बसतात. म्हण, मी बसू का?" मग मी म्हणायचो, मी बसू का. हाकायची सवय सुटायला मात्र वेळ लागला. वळणावर माझ्या तोंडून हुर्र निघायचं आणि उस्ताद खिडकीबाहेर तोंड करून हसायचे.

सगळ्यात जड गेलं ते चढावर गाडी उठवणं. सपाटीवर कुणीही उठवेल. चढावर एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर, मग ॲक्सिलरेटरला पाय आणायचा कुठून? ब्रेकवरचा पाय उचलून तिकडे नेईपर्यंत गाडी मागे सरकते. म्हणून हँडब्रेक ओढून ठेवायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो. म्हणजे इंजिनानं चाकं धरली. नेमका तेव्हा हँडब्रेक सोडायचा. आधी सोडला तर गाडी मागे, उशीर केला तर इंजिन बंद. दौलताबाद रस्त्याला एक चढ होता. तिथे उस्ताद मागच्या चाकामागे वांगं ठेवायचे. पाटलांच्याच मळ्यातलं, टपोरं. वांगं न चेचता गाडी पुढे गेली पाहिजे. मी इतकी वांगी चेचली की गिरजा म्हणाली, "तशीच घरी आणत चला, भरताला बरी पडतील."

पुढे वांगी वाचायला लागली. हेवीचं लायसन हातात आलं. इकडे उस्तादांचे गुडघे पार गेले होते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुमडेनासा झाला होता. त्यांनी पाटलांना सांगितलं, आता गाडी लिंबाजीला द्या. लिंबाजी म्हणजे मी.

पाटील काही एकदम हो म्हणाले नाहीत. त्यांचंही चुकत नव्हतं. कालपरवापर्यंत मेंढरांमागे चालणारा माणूस आणि त्याच्या हातात भरली गाडी! त्यांच्या एका पाहुण्यानं दुसरा ड्रायव्हर सुचवला होता, पंधरा वर्षं लाइनवर असलेला. पाटील मला म्हणाले, "चाळीसगावहून सरकी पेंड आणायची हाय. येताना भरल्या गाडीनं घाट तू चढव. मी सोबत बसतो. चढला, तर गाडी तुझी. नाय तर मी त्यो माणूस आणतो."

दुसरा ड्रायव्हर आला की तो आपला क्लीनर घेऊन येतो. लाइनवरचा हा रिवाजच आहे. म्हणजे मला परत गावी जाऊन भावाकडून मेंढरं मागून घ्यावी लागली असती. बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर आणि मुलीची शाळा बंद. निघताना गिरजानं भाकरी बांधून दिली. म्हणाली, "पोरगी आता जोडाक्षरं लिवती." एवढंच. यापेक्षा जास्त बोलायची गरजही नव्हती.

चाळीसगावला पोती भरली, दोर आवळले, सगळी टायरं ठोकून पाहिली. ऊन तापलं होतं. घाटाच्या पायथ्याशी मी खालचा गिअर टाकला आणि चढायला लागलो. भरली गाडी घाटात चढते ती दमावर. दम म्हणजे चालत्या गाडीच्या अंगातला जोर. तो एकदा तुटला की परत आणणं महाकठीण. म्हणून चढताना उगाच गिअर बदलायचा नाही, उगाच ब्रेकला पाय लावायचा नाही आणि थांबायचं तर मुळीच नाही. मी व्यवस्थित चढत होतो. पाटील आधी दांडी घट्ट धरून बसले होते. चार-दोन वळणं झाल्यावर त्यांनी दांडी सोडली आणि सुपारी काढली. उस्तादांनी तर डोळे मिटले होते. शिकाऊ माणसाच्या शेजारी उस्तादानं डोळे मिटले, याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

वरच्या अंगाला एका वळणापुढे दरड कोसळलेली होती. अर्धा रस्ता दगड-मातीनं भरलेला. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच वाट. मी वळण घेतलं आणि मला वरून उतरणारा ट्रक दिसला. भरलेला, दोर ताणलेला, सावकाश येत असलेला. आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

घाटाचा नियम असा: चढणाऱ्याला वाट आधी. उतरणाऱ्यानं थांबायचं. कारण उतरणारा थांबला तरी ब्रेक सोडला की गाडी आपोआप चालू लागते. चढणारा थांबला की संपलं. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. उस्तादांच्या शेजारी बसून शंभरदा बघितला होता. पण मेंढरांचा नियम बरोबर याच्या उलट आहे. डोंगराच्या पाऊलवाटेवर दोन कळप समोरासमोर आले की चढणाऱ्यानं बाजूला व्हायचं. उतरता कळप कुणाला आवरत नाही. मागची पुढच्यांवर रेटतात, कोकरं पायाखाली येतात. म्हणून खालच्या मेंढक्यानं आपली मेंढरं कडेला दाबून धरायची आणि वरच्याला हात करायचा, ये बाबा. माझ्या बापानं केलं, मी केलं. तो ट्रक दिसला तेव्हा मी ड्रायव्हर नव्हतोच. मी गाडी कडेला दाबली, थांबलो आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याला हात केला.

गंमत म्हणजे वरचा ड्रायव्हर नियमानं आधीच थांबला होता. तोही मला हात करत होता, की ये. मी त्याला म्हणतोय ये, तो मला म्हणतोय ये. मधली वाट मोकळी आणि दोन्ही बाजूला गाड्यांची रांग वाढत चाललेली. शेवटी तो वैतागून निघाला. आमच्या शेजारून जाताना त्यानं मान बाहेर काढली.

"नवा हाय का रं?"

"व्हय!" माझ्याऐवजी पाटीलच ओरडले.

आता वाट मोकळी झाली. मी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडायला लागलो. दौलताबाद रस्त्याला गाडी रिकामी होती. इथे मागे पोत्यांचा डोंगर. इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. गाडी हातभर मागे सरकली. मी ब्रेकवर उभाच राहिलो.

"इथंच घोडं पेंड खातं!" पाटील म्हणाले. मागे पेंडच होती, पण तेव्हा कुणालाच हसू आलं नाही.

पुन्हा स्टार्टर मारला. पुन्हा इंजिन बंद, पुन्हा गाडी मागे. आमच्या गाडीचे ब्रेक हवेवर चालायचे. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरते आणि ब्रेक दाबला की खर्च होते. समोरच्या काट्यावर हवा उतरताना दिसत होती. पाटील एकाच दमात सांगत होते, "रेस दे, रेस दे, आरं ब्रेक सोडू नको, सोड, सोड, आता रेस दे!" पाटलांनी आयुष्यात ट्रक चालवला नव्हता.

उस्तादांनी काट्याकडे एक नजर टाकली. ते ओरडले नाहीत. सीटखालून लाकडी ठोकळा काढला. चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे लावतात तो, चांगला जाडजूड. दार उघडून दुखऱ्या गुडघ्यानं खाली उतरले.

"उस्ताद, तुम्ही बसा ना इथं," मी म्हणालो. "माझ्यानं नाय व्हणार."

"मेरा गुडघा ये क्लच दाबताच नहीं अब. तुलाच उठवायचीय." ते खालून म्हणाले. "मी चाकाला ठोकळा लावतो. गाडी मागं येणार नाय. आता तू इंजिन ऐक. बाकी कुणाचं ऐकू नक्को."

हे कुणाला उद्देशून होतं ते पाटलांना कळलं. त्यांनी एकदा दरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी बी उतरतो. करीमभाईला मदत लागंल." आणि वयाला न शोभेल एवढ्या चपळाईनं खाली उतरले.

केबिनमध्ये मी एकटा राहिलो. आधी इंजिन चालू करून नुसती हवा भरू दिली. काटा वर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसलो. मागचे हॉर्न चालूच होते, पण पाटलांचा आवाज बंद झाल्यावर मला इंजिन ऐकू यायला लागलं. क्लच सोडत गेलो. आवाज जड झाला. अजून थोडा सोडला. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं झालं. भरल्या गाडीनं असं धरलं की ते पायाला कळतं, कमरेला कळतं. हँडब्रेक सोडला.

गाडी मागे आली नाही. क्षणभर जागेवर थरथरली आणि पुढे सरकली. बोटभर, मग हातभर, मग चाकं फिरायला लागली. मी आरशात पाहिलं. उस्ताद दोन्ही हातांनी खुणावत होते, जा, जा! पाटील मात्र गाडीमागे पळत होते, धोतराचा सोगा हातात धरून, थांब थांब म्हणत.

मी थांबलो नाही. दरड ओलांडली, वळण घेतलं, पुढचंही वळण घेतलं. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे गिरजाला माहीत आहे.

वर सपाटी लागली तशी गाडी कडेला, एका चहाच्या हॉटेलाजवळ घेतली. इंजिन बंद करायचा धीर झाला नाही, तसंच चालू ठेवलं. मग डोकं ठिकाणावर आलं. गाडी वर आणि मालक खाली. ज्या माणसाला गाडी चढवून दाखवायची होती, त्यालाच मी घाटात सोडून आलो होतो. माझ्या मागच्या गाड्या एकेक करत वर आल्या. एका सरदारजीनं जाता जाता हाक मारली, "ओये, तेरे दोनों बंदे पैदल आ रहे हैं!" त्यांना कुणीच बसवून घेतलं नव्हतं, आणि घेणारही नव्हतं. चढावर कोण थांबतो? माझ्याशिवाय कुणी नाही.

मी घाटाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, संपलं. गिरजाला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करायला लागलो. पोरगीला गावच्या शाळेत घालता येईल का, आईजवळ ठेवता येईल का, असं काय काय मनात येत होतं. मला फार वाईट वाटत होतं. गाडी उठवता आली होती, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

बऱ्याच वेळानं दोघं वळणावर दिसले. उस्ताद पाटलांच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होते. पाटलांच्या दुसऱ्या खांद्यावर तो ठोकळा होता. चाकामागचा ठोकळा किंवा दगड रस्त्यात सोडून जायचं नाही, मागच्याचा घात होतो, हे लाइनवर पाळतातच. उस्तादांना दुखऱ्या गुडघ्यानं तो घेऊन चढवत नव्हतं, म्हणून मालकांनी उचलला होता. पांढरं धोतर पार मातकट झालेलं. नव्या चपलांनी पाय सोललेले.

मी पळत जाऊन ठोकळा घेतला. पाटील हॉटेलच्या बाकड्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आमच्यासाठी थांबला का नाय?"

"चढ व्हता, मालक."

"आन मघाशी? त्या गाडीसाठी थांबला तवा काय सपाट व्हतं?"

मग मी जे झालं ते सांगितलं. उतरता कळप, दाबून धरलेली मेंढरं, वरच्याला करायचा हात. पाटील शेतकरी माणूस, त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"म्हंजी ती गाडी तुला मेंढरं वाटली."

"व्हय."

"आन आपली गाडी?"

"आपली ध्यानातच नाय आली, मालक. त्यालाच जाऊ द्यायचं, एवढंच डोक्यात."

उस्ताद इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "पाटील, ये सीधा चढता ना, तो तुम घर जाके बोलते, नशीब था. अब तुमने देखा. थांबलेली भरी गाडी घाटात उठवली पोरानं. पहिल्या साली मेरे से बी नहीं उठती थी."

पाटील पायाचे फोड बघत बसले होते. "मी केबिनीत असतो तरी उठली असती का रं?"

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. पण मला ते जमत नाही. "नाय मालक. तुम्ही उतरला म्हणून उठली."

हॉटेलवाला चहा ओतता ओतता थांबला. पाटलांनी माझ्याकडे बघितलं, उस्तादांकडे बघितलं, आणि चपला हातात घेऊन उठले. "चला. पेंड मोंढ्यावर उतरवायचीय अजून. करीमभाई, आता सपाट हाय, गुडघ्याला सोसंल. तुम्ही घ्या गाडी."

उस्तादांनी माझ्याजवळचा ठोकळा घेतला. गाडीच्या पुढून वळसा घालून ते डाव्या दाराशी गेले. ठोकळा सीटखाली ठेवला, दांडी धरून वर चढले आणि मी इतके दिवस बसत होतो त्या जागेवर टेकले. मग तिथूनच म्हणाले, "चल रे ड्रायव्हर. मालक को देर हो रही."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. पाटील उस्तादांना ओलांडून मधल्या जागेवर सरकले. मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उतरवून झाल्यावर फक्त म्हणाले, "उद्या सकाळी डिझेल भरून घे." म्हणजे गाडी माझी झाली.

उस्ताद आणखी काही खेपा डाव्या सीटवर बसून आले आणि मग सिल्लोडला जाऊन राहिले. मी ती गाडी चालवली, मग पाटलांची दुसरी, मग दहाचाकी. मुलगी पडेगावच्या शाळेत शिकली आणि पुढे कॉलेजलाही गेली.

त्या रात्री गिरजाला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, "मंग तुमचं चुकलं काय? उतरता कळप कुणी अडवतं व्हय?" घाटाचा नियम मी तिला पुढे कितीदा समजावला. तिला तो अजून पटलेला नाही.

तिला दोष कसा देऊ? मेंढरं घेऊन रस्त्यानं निघालं की आम्हाला सगळेच बाजूला करतात. मोटार, ट्रॅक्टर, शेतकरी, पोलीस. बाजूला होणं आमच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की आपली वाट आहे हे माहीत असूनही पाय ब्रेकवर जातो. आता मी नव्या लोकांना हेवी गाडी शिकवतो. त्यात कुणी आमच्याकडचा असला की ओळखू येतो, समोरून काहीही आलं की तो कडेला सरकतो. त्याला मी एवढंच सांगतो: चढताना वाट तुझी आहे, ती घे. तू थांबून समोरच्यावर उपकार होत नाहीत, फक्त मागचे सगळे अडकतात.